तिनं सगळ्याला नाय सांगितलं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बिरडं सोलायचं. सकाळी नऊचा सुमार. वैशाख होता, पडवीत ऊन यायच्या आत आटपायचं म्हणून ती आधीच टोप घेऊन बसली होती. कडवे वाल भिजवून दोन दिवस फडक्यात बांधले होते, त्यांना चांगले मोड आले होते. तिनं त्यावर कोमट पाणी ओतलं आणि आम्ही समोरासमोर बसून एकेक दाणा दाबून सालीतनं काढायला लागलो.

माझी नखं जाड. निम्मे दाणे माझ्या हातात फुटतात, मोड तुटतात. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात यात काही सुधारणा झाली नाही.

ती म्हणाली, "सोलताय का सूड घेताय?"

मी म्हटलं, "पोटात जाऊन तुटायचाच हाय तो."

"मग तोंडातच सोला. माझ्या टोपात कशाला टाकता?"

एवढं बोलून ती हसली. त्या पाच आठवड्यांत ती हसलेली मला दोन-तीनदाच आठवते. तिच्या डाव्या छातीत गाठ होती. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी सुई घालून त्या गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता, आणि गाठ कॅन्सरची की साधी, ते लिहिलेला कागद दुसऱ्या दिवशी मिळायचा होता. आम्ही त्या कागदाबद्दल बोलत नव्हतो. पण त्या सकाळी तीच म्हणाली, "साधी निघाली तर उद्या येताना पेणवरनं दोन नारळ घ्या. खोबरं जास्त घालून करीन."

"आणि नाय निघाली तर?"

मी असाच. तोंडाला येईल ते बोलतो.

ती म्हणाली, "मग बिनखोबऱ्याचं खा." आणि डोकं मागनं धरलंय, असं म्हणून मानेवर हात दाबला. मी म्हटलं, मिश्री सोडलीस म्हणून धरलंय, अजून चार दिवस धरेल. ती म्हणाली, व्हय, तसंच असेल.

त्या डोक्याकडे मी बघितलं नाही. माझं सगळं लक्ष छातीत होतं. हे कसं झालं ते सांगायचं तर मागपासनं सांगायला लागेल.

आमचं घर निडीला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. भाताची थोडी जमीन, भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल. बाकीची वर्षं मी रोह्याला कंपनीत कंत्राटावर काढली. एक मुलगी, ती पेणजवळ जोह्याला दिली. तिच्या घरचा गणपतीचा कारखाना आहे, म्हणजे घरामागचं पत्र्याचं शेडच, पण सगळे कारखानाच म्हणतात. ती मूर्तींना सोनेरी किनार मारते. घरात आम्ही दोघंच.

पौषात गिरणीवर भात न्यायचं होतं. पोती माळ्यावर. मी वर चढलो, ती खाली शिडीपाशी. पोतं दोरी बांधून सोडायचं असतं, नेहमी तसंच सोडतो. त्या दिवशी दोरी शोधायचा कंटाळा केला. अर्धंच पोतं होतं, म्हटलं सरकवतो, तू धर. ते माझ्या हातातनं निसटलं आणि सरळ तिच्या छातीवर गेलं. ती खाली बसली. श्वास घेता येईना, तोंड उघडं, आवाज नाही. मी वरनं बघतोय आणि माझ्याने शिडीसुद्धा उतरवत नव्हती.

मग तिला श्वास आला. पहिलं काय बोलली, तर "भात आलं खाली. आता तुमी या, का तुमाला पण झेलू?"

छातीची डावी बाजू काळीनिळी झाली. पंधरा दिवस हळद लावत होती. मुलीला कळवू दिलं नाही. म्हणाली, बापानं आईला पोतं हाणलं असं जोह्यापर्यंत जाईल, तिथनं कारखान्यातल्या बायका ते पेणपर्यंत पोचवतील. डाग गेला आणि आम्ही ते विसरलो. निदान मी तरी विसरलो.

चैत्रात एक दिवस ती मोरीतनं आली, केस ओले, आणि म्हणाली, जरा हात द्या. मला वाटलं काहीतरी उचलायचं असेल. तिनं माझा हात घेतला आणि पदराखाली छातीवर ठेवला. आत सुपारीएवढं काहीतरी. कडक. दाबलं तर हलत नव्हतं, वरची कातडी त्या जागी आत ओढल्यासारखी. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला तोंड कसं ठेवावं ते कळेना.

"दुखतंय?"

"नाय. दुखत नाय म्हणूनच सांगितलं."

तिला कुणीतरी सांगितलं होतं की दुखते ती गाठ बरी, न दुखणारी वाईट. मला दुसरंच कुणीतरी सांगितलेलं आठवलं, की मार बसला की तिथं कॅन्सर होतो. हात तिथंच असताना मला पोतं आठवलं. दोघांच्याही मनात तेच पोतं होतं, हे आता कळतं. तेव्हा मला वाटत होतं, तिला आठवत नाही तर बरंच आहे.

मी फार भित्रा माणूस नाही. कंपनीत एकदा गॅस सुटला तेव्हा मी पळालो नव्हतो, वॉल्व बंद करून मगच बाहेर आलो. पण त्या दिवसापासून मी जो घाबरलो तो घाबरलोच. ती वाकली की बघायचो, उठली की बघायचो. ती भांडी घासताना गप्प झाली की मी मागच्या दारात जाऊन उभा राहायचो. ती म्हणायची, "मी हाय अजून, जा." घरात आम्ही त्या रोगाचं नाव घेत नव्हतो. 'तसलं काय' म्हणायचो. तसलं काय निघालं तर. तसलं काय नसेल.

मुलीनं पेणला डॉक्टरीणबाई शोधली. दिव्याला जाणाऱ्या गाडीनं आम्ही गेलो, मुलगी तिकडनं आली. आत त्या दोघी गेल्या आणि मी पडद्याबाहेर बाकावर बसलो. बाप्यानं आत जायचं नसतं. पण पडदा पातळ होता, मला सगळं ऐकू येत होतं.

बाईंचा आवाज चांगला होता, घाई नव्हती. आधी तपासलं, प्रेशर बघितलं, ते बरोबर आहे म्हणाल्या. मग त्या विचारायला लागल्या, एक झालं की दुसरं. पाळी कितव्या वर्षी आली, कधी गेली. पहिलं मूल कितव्या वर्षी. ती म्हणाली, एकविसाव्या. मी बाकावर चमकलो. मुलगी झाली तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. लग्नानंतर बारा वर्षं मूल नव्हतं, रोह्याच्या डॉक्टरकडे गोळ्या आणि इंजेक्शनं झाली होती, माझी आई होती तोवर घरात रोज त्यावरनं बोलणं व्हायचं. असं असून ती एकविसाव्या म्हणाली, आणि परक्यापुढं आईला खोडायची मुलीची हिंमत नव्हती.

मूल होण्यासाठी काही औषधं घेतली होती का? नाय.

दूध पाजलं का? पाजलं, दोन वरसं. तेव्हा कधी छाती सुजली, ताप आला, पू झाला? नाय.

मुलगी तीन महिन्यांची असताना हीच डावी छाती दगडासारखी झाली होती. चार दिवस ताप. रोह्याला नेऊन पू काढला. मी तेव्हा मुलीला चमच्यानं पाणी पाजत दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. आणि ही आत सांगतेय, नाय.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या कधी घेतल्या होत्या का? नाय. भाद्रपदात गौरी यायच्या आणि तिची पाळी नेमकी त्याच सुमाराला. घरात नैवेद्य करायला दुसरी बाई नाही. मग दर वर्षी मेडिकलमधनं त्या गोळ्या यायच्या, आणणारा मीच. पाळी जाईपर्यंत, म्हणजे वीसेक वर्षं. आमच्याकडे सगळ्याच बायका घेतात, त्यात लपवायचं काही नाही. पण ती नाय म्हणाली.

तंबाखू, मिश्री? नाय. तिचे दात कोळशासारखे. डॉक्टरीणबाई त्यावर काही बोलल्या नाहीत, पण क्षणभर थांबल्या.

मग त्यांनी विचारलं, "छातीवर कधी मार लागला होता? पडलात, काही आदळलं? सहा-आठ महिन्यांत आठवून बघा."

मी बाकाची कड धरली. मला वाटलं आता सांगेल. आणि मला हेही वाटलं, की सांगू नये. मुलगी आत उभी होती.

ती म्हणाली, "नाय."

शेवटी, सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? नाय. प्रेशरची एक गोळी ती रोज सकाळी खायची, सरकारी दवाखान्यातनं महिन्याची मिळायची, सहा वर्षं. मुलीला ते माहीत नव्हतं, तिला कशाला काळजी म्हणून आम्ही सांगितलंच नव्हतं. त्या दिवशीही सकाळी खाऊनच निघाली होती.

मी उठून पडदा बाजूला करून सांगायला हवं होतं. सगळं मला माहीत होतं. मी बसून राहिलो.

येताना गाडीत जागा मिळाली. पेण सुटल्यावर मी विचारलं, खोटं का बोललीस गो? ती म्हणाली, "मी व्हय म्हटलं असतं तर तिनं तिथंच तसलं काय लिहिलं असतं."

तिला वाटत होतं की बाई ज्या ज्या गोष्टी विचारतात त्या सगळ्या रोगाच्या बाजूच्या. एकेक हो म्हटलं की रोग एकेक पाऊल जवळ. सगळ्याला नाही म्हटलं की सुटलो. आणि मला हे तिचं म्हणणं पटलं, हे मी लपवत नाही. मला ते शहाणपणाचं वाटलं. पोत्याचं बोलली नाही म्हणून तर मला फार बरं वाटलं.

कासू स्टेशन गेल्यावर तिनं विचारलं, "गोळ्यांचं कशाला विचारलं असेल? गोळ्यांनी पण होतं का?"

मी म्हटलं, "विचारलं म्हणजे होत असणारच. उगाच विचारतात का?"

मी चौथी शिकलेला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण न कळणाऱ्या गोष्टीवर मी जास्त ठामपणे बोलतो, ही माझी जन्माची खोड. ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर मिश्रीची डबी उचलून मागच्या ओहळात फेकली. ते मी बघितलं. दुसरं तिनं काय बंद केलं ते बघितलं नाही.

सोनोग्राफी पेणला झाली, दुसरा एक फोटो पनवेलला. दोन्ही बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसतं बघून सांगता येत नाही, सुई घालून तुकडा तपासायला लागेल. ही म्हणाली, सुई घातली की तसलं काय सगळीकडे पसरतं. हेही कुणीतरी सांगितलेलं. बाईंनी समजावलं, पसरत नाही. तरी तीन आठवडे ती गेली नाही. आज हे, उद्या ते. मीही ओढून नेली नाही. कागद आला नाही तोवर गाठ साधीच, असा माझा त्या वेळचा विचार.

त्या तीन आठवड्यांत तिचं डोकं दुखायला लागलं. कानात भुंगा वाजतो म्हणायची. मिश्री सोडली की असंच होतं, हे दोघांनी ठरवून टाकलं होतं.

शेवटी मुलगी आली आणि आईला धरून घेऊन गेली. सुई घालायच्या आधी नर्सनं प्रेशर बघितलं तर वाढलेलं. तिनं विचारलं, आधीपासनं आहे का? ही म्हणाली, नाय. नर्स म्हणाली, घाबरल्यात बहुतेक, पण तुमच्याकडच्या दवाखान्यात जाऊन पुन्हा दाखवा, सोडू नका. दाखवतो, मी म्हटलं. सुई घालून झाल्यावर ती बाहेर आली ती पांढरी पडलेली, आणि प्रेशरचं माझ्या डोक्यातनं तिथंच गेलं.

त्या दुपारी मुलीच्या घरी थांबलो. कारखान्यात मूर्ती ओळीनं, रंग न लावलेल्या, नुसत्या पांढऱ्या. ही पडून होती. काम करणाऱ्या बायकांना गाठीचं माहीत नव्हतं, त्या आपल्या थट्टा करत होत्या. एक म्हणाली, "बाबा, बसलाच हाय तर घ्या ब्रश. किनार नाय जमली तर उंदीर रंगवा." दुसरी म्हणाली, नको गो, त्यांच्या हातानं उंदराचं डुक्कर होईल. मी हसलो. मग मुलगी मला शेडच्या मागं घेऊन गेली, हाताला सोनेरी रंग तसाच. तिनं विचारलं, "बाबा, आईला निघालं तर मला पण होतं का?"

ही एकच वेळ मी न कळणाऱ्या गोष्टीवर गप्प बसलो. ती म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी मला पण विचारलं होतं, घरात कुणाला होतं का. मग ती म्हणाली की ती रोज आंघोळ करताना हातानं बघते आणि रोज तिला काहीतरी लागल्यासारखं वाटतं. तिचं वय तेहतीस. तिच्या पदरी आठ वर्षांची मुलगी. तोवर मी एकीसाठी घाबरत होतो, तिथनं तिघींसाठी घाबरायला लागलो.

तर ती बिरड्याची सकाळ. तिनं मानेवर हात दाबला, मी मिश्रीचं बोललो, पुन्हा सोलायला लागलो. टोप पाऊण भरत आला होता. तिच्या हातातनं एक दाणा निसटला. मग दुसरा. मी म्हटलं, आता कोण सूड घेतंय? ती डाव्या हाताकडे बघत होती, दुसऱ्या कुणाचा हात असावा तसा. काहीतरी बोलली, ते मला समजलं नाही, शब्द जड आले. आणि बसल्या जागी कलली. टोप सांडू नये म्हणून मी आधी टोप धरला. हे मला लिहायला नको होतं, पण झालं तसं झालं. आधी टोप धरला आणि मग तिला.

रिक्षानं रोह्याला नेली. शेजारी बरोबर होता. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, नस फुटून डोक्यात रक्त झालंय. त्यानं विचारलं, प्रेशर होतं का? मी म्हटलं, होतं. गोळ्या चालू होत्या? मी म्हटलं, हो, रोज घेते. त्यानं मान हलवली आणि आत गेला. बाराच्या पुढं थोडं झालं असेल, तेव्हा बाहेर येऊन त्यानं मला बसायला सांगितलं. मी आधीच बसलेला होतो.

मुलगी दोनला पोचली. दिवस असतानाच नेलं. अग्नी मीच दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर भरलेलं. चूल बंद, शेजारनं चहा आलेला. बिरडं टोपात तसंच राहून आंबलं होतं, कुणीतरी ते परसात ओतून टोप घासून ठेवला होता. मुलगी बायकांमध्ये भिंतीला टेकून बसली होती. रडून झालं होतं. तिचा उजवा हात पदराआड डाव्या काखेपाशी होता. तिला स्वतःलाही ते कळत नसावं. तिथं बोटानं दाबून बघत होती, सोडत होती, पुन्हा दाबत होती.

ते बघितलं आणि मी उठलो. पेणच्या कागदपत्रांची पिशवी तिची आई पेटीत ठेवायची. पिशवी काढली तर तिच्यात फायलीखाली रुमालाची गाठोडी. सोडली. आत प्रेशरच्या गोळ्या. एक पट्टी निम्मी संपलेली, बाकीच्या भरलेल्या. पहिल्यांदा पेणला जाऊन आलो त्या दिवसापासनंची एकही खाल्लेली नव्हती. टाकूनही दिल्या नव्हत्या. औषध टाकायचं नाही म्हणून जपून ठेवल्या असतील.

गाडीत मी काय बोललो होतो ते मला शब्दाला शब्द ऐकू आलं.

रुमाल पिशवीत घातला आणि चपला घातल्या. धाकटा भाऊ आडवा आला. म्हणाला, "काल अग्नी दिलास आणि आज सुतकात गाव सोडून चाललास? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "लोकांना म्हणावं, रिपोर्ट आणायला गेलाय."

"आता त्या रिपोर्टचं काय करणार?"

मी मुलीकडे बोट दाखवलं. त्याला काही समजलं नाही, पण तो बाजूला झाला. मुलगी निघत होती बरोबर. मी तिला बसवली. तिच्यासमोर तो कागद उघडायची माझी छाती नव्हती.

गाडीत दाराशी उभा राहिलो, कुणाला शिवायला नको म्हणून. ती गेली होती, आता घाबरायचं काय राहिलं, असं कुणालाही वाटेल. पण मी त्या पाच आठवड्यांत घाबरलो नव्हतो एवढा त्या गाडीत घाबरलो. कॅन्सर निघाला तर तो माझ्या पोत्यानं झाला असणार आणि मुलीच्या मागं लागणार. एवढंच डोक्यात.

दवाखान्यातल्या मुलीनं विचारलं, पेशंट नाही आल्या? मी म्हटलं, नाय आल्या. ती म्हणाली, बसा. मी सुतकात म्हणून उभाच राहिलो.

आत गेलो. पहिल्यांदाच त्या पडद्याच्या आत. डॉक्टरीणबाईंनी पाकीट फोडलं, वाचलं आणि हसल्या. म्हणाल्या, "त्यांना का नाही आणलंत? चांगली बातमी आहे. कॅन्सर नाही." मग कागदाकडे बघून म्हणाल्या, आतली चरबी मेली की अशी गाठ होते. हाताला अगदी कॅन्सरसारखी लागते, फोटोतही तशीच दिसते, म्हणून सुई घालावी लागली. जोराचा मार बसल्यावर होते बहुतेक वेळा. "त्या तर म्हणाल्या मार लागला नाही."

मी सांगितलं, काल गेली. डोक्यात रक्त झालं.

बाहेरच्या मुलीनं पुढचा पेशंट पाठवू का विचारलं, त्यांनी हातानं नको म्हटलं. मग मी माझ्या मुलीचं विचारलं, तिला पण होईल का. त्या म्हणाल्या, ही गाठ आईकडनं लेकीकडे जात नाही. लेकीला सांगा, वर्षातनं एकदा दाखवून जा, काही वेगळं लागलं तर लगेच ये, आणि घाबरून थांबू नको.

मग मी म्हटलं, तिचा पहिल्या दिवशीचा कागद काढा.

त्यांनी फायलीतनं काढला. इंग्रजी मला येत नाही, पण ओळीपुढं ओळ तोच एक शब्द होता, 'नाय'चा, तो ओळखू आला. मी म्हटलं, हे सगळं चुकीचं हाय, आता मी सांगतो, तुमी विचारा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पेन उघडलं.

पहिलं मूल कितव्या वर्षी? मी म्हटलं, एकतीस. त्या म्हणाल्या, मुलीचं वय ऐकून तेव्हाच मला जुळलं नव्हतं. औषधं? हो. छातीत पू? हो, हीच डावी. त्या म्हणाल्या, पाजणाऱ्या बायकांना होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पाळीच्या गोळ्या? हो, गौरींसाठी, आणायला मीच जायचो. त्या म्हणाल्या, वर्षातनं चार दिवस घेतलेल्या गोळ्यांचं एवढ्या वर्षांनी काही सांगता येत नाही. बरीच वर्षं रोज हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांना पाण्याच्या गाठी जास्त होतात, म्हणून विचारावं लागतं. मिश्री? हो. त्या म्हणाल्या, बिड्या ओढणाऱ्या बायकांच्या दुधाच्या नळ्या सुजतात. मिश्रीचं तसं नक्की नाही, पण मिश्री वाईटच, सोडली ते बरंच केलं.

म्हणजे ती जे लपवत होती त्यातलं बहुतेक साध्या गाठींचं होतं. पोत्याचं एक सांगितलं असतं तर त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या असत्या, आजी, बहुतेक त्यानंच असेल, सुई घालून खात्री करू. आणि आम्ही दुसऱ्याच दिवशी सुई घालून घेतली असती. हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला.

मार?

"हो," मी म्हटलं. "पौषात. भाताचं पोतं. माझ्या हातनं."

त्यांनी लिहिलं.

गोळ्या?

मी पिशवीतनं रुमाल काढला, टेबलावर सोडला. पट्ट्या पुढं केल्या. म्हटलं, प्रेशरच्या. तुमी विचारलं त्या दिवसापासनं बंद केल्या तिनं. गोळ्यांनी गाठ होते असं मी तिला सांगितलं होतं. तुमच्याकडनं जातानाच, गाडीत.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे आता लिहून काय होणार, बाबा?

मी म्हटलं, मुलगी येईल तुमच्याकडे. तिला हा कागद वाचून दाखवा. विचारलं की खरं सांगायचं, एवढं तिला कळू दे. लिहा.

त्यांनी पेन उचललं. त्यांचं लिहून होईपर्यंत मी टेबलापाशी उभा होतो.